तडा, ताण आणि दमट हवा : अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंमधला हायड्रोजन



गेल्या खेपेला आपण लोखंडाच्या गंजाविषयी बोललो. निघता निघता मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं होतं, "अ‍ॅल्युमिनियम तर गंजत नाही. मग विमानाच्या सांगाड्यात तडे शोधत बसायची गरज काय?" प्रश्न फार नेमका होता आणि त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

सुरुवात मात्र अ‍ॅल्युमिनियमपासून नाही, पितळेपासून करू. आणि आपल्याच पावसाळ्यापासून.

पागेतली काडतुसं

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात एक विचित्र अनुभव यायचा. कोठारात नीट रचून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. त्या कोणी पाडल्या नव्हत्या, ठोकल्या नव्हत्या, झाडल्याही नव्हत्या. उन्हाळ्यात धड असलेली पुंगळी पावसाळा संपता संपता चिरलेली सापडायची. लोकांनी या दुखण्याला नाव दिलं 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे ऋतूचा तडा.

उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की इथे तीन गोष्टी एकत्र येतात. काडतुसं घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, ही पहिली. पावसाळ्याची दमट हवा, ही दुसरी. आणि पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळताना पितळात जो ताण राहून जातो, तो तिसरा. यातली एक गोष्ट काढून घेतली की तडा जात नाही. पुंगळ्या बेताच्या तापवून आतला ताण घालवला की त्याच पागेत, त्याच पावसात त्या धड राहतात.

पितळेचा तडा अमोनियाचा, त्यात आजच्या आपल्या हायड्रोजनचा हात नाही. पण ते त्रिकूट लक्षात असू द्या : धातू, सतत असलेला ताण आणि भोवतालची हवा किंवा पाणी. तिन्ही एकत्र येऊन जो तडा जातो, त्याला इंग्रजीत 'स्ट्रेस करोजन क्रॅकिंग' म्हणतात. आपण 'ताण-गंज' म्हणू. नावात गंज असला तरी डोळ्यांना गंज दिसेलच असं नाही. धातू चकचकीत दिसतो, वजन घटत नाही, आणि एके दिवशी तो दुभंगतो. खरी अडचण हीच आहे.

मऊ धातू बळकट कसा झाला

आता अ‍ॅल्युमिनियमकडे येऊ. घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ताण-गंजाने तडकल्याचं कोणी पाहिलेलं नाही, आणि आम्हीही पाहिलेलं नाही. कारण ते अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ शुद्ध आणि मऊ असतं. त्यावर ताण आला तर ते वाकतं, पोचे येतात, पण तुटत नाही. बळकटी वाढवायला गेलो की खरी गोष्ट सुरू होते.

१९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना एक गंमत दिसली. तांबं आणि मॅग्नेशियम थोडं थोडं मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम त्यांनी तापवून पाण्यात झटकन थंड केलं. तेव्हा ते मऊ होतं. काही दिवस तसंच पडून राहिल्यावर ते आपोआप कडक झालं. साखरेचा पाक तापलेला असताना सगळी साखर विरघळलेली असते आणि थंड झाल्यावर हळूहळू कण धरतो, तसंच धातूच्या आत घडतं. विरघळलेली मूलद्रव्यं अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतात. या कणांना आपण 'अवक्षेप' म्हणू. ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, म्हणून धातू बळकट होतो. ड्युरॅल्युमिन या नावाने तो मिश्रधातू पुढे विमानांत गेला.

त्यानंतर जर्मनीतच जस्त आणि मॅग्नेशियम घालून आणखी बळकट मिश्रधातू तयार झाले. पण ते आपोआप तडकायचे. पुन्हा तेच ऋतूच्या तड्याचं दुखणं! जपानमध्ये सुमितोमो कंपनीतले संशोधक इगाराशी यांनी १९३६ च्या सुमारास त्यात थोडं क्रोमियम आणि मँगनीज घालून हे तडे बरेच आटोक्यात आणले. जपानच्या सुप्रसिद्ध झिरो लढाऊ विमानाच्या पंखांमध्ये हाच मिश्रधातू होता. अमेरिकेत अल्कोआ कंपनीने १९४३ साली त्याच घराण्यातला ७०७५ हा मिश्रधातू आणला. त्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त, अडीच टक्के मॅग्नेशियम, दीड टक्का तांबं आणि चिमूटभर क्रोमियम असतं. तो सुमारे ४७० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवायचा आणि मग १२० अंशांवर २४ तास ठेवायचा. या अवस्थेला 'टी६' म्हणतात. मऊ शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या निदान सहापट बळ, साध्या पोलादापेक्षाही जास्त, आणि वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंसंच अधिक. विमान बांधणाऱ्याला याहून काय हवं?

तर, तो तडकायला नको!

पोह्यांची रास

हा मिश्रधातू कुठून तडकतो, हे समजायला पोहे डोळ्यांसमोर आणा. धातू हा असंख्य बारीक कणांचा बनलेला असतो. जाड पत्रा लाटताना हे कण चपटे होतात, भाताचे कांडून पोहे व्हावेत तसे, आणि एकावर एक आडवे पडतात. दोन कणांमधली जी शीव, तिला आम्ही 'कणसीमा' म्हणतो. पत्रा त्याच्या लांबीच्या दिशेने ओढला तर तड्याला वाट सापडत नाही, कारण सीमा आडव्या-तिडव्या येतात. पण तोच पत्रा जाडीच्या दिशेने, म्हणजे वरून आणि खालून ओढला, तर पोह्यांचे थर एकमेकांपासून सुटावेत तशा कणसीमा उकलतात. अ‍ॅल्युमिनियमचे ताण-गंजाचे तडे जवळजवळ नेहमी याच वाटेने जातात.

तुम्ही म्हणाल, विमानाचा भाग जाडीच्या दिशेने ओढतो कोण? उडताना तसा भार फार थोडा येतो. ओढणारे आपणच असतो, कारखान्यात. जाड ठोकळा तापवून पाण्यात विझवला की बाहेरचा भाग आधी थंड होतो, आतला नंतर. परिणामी बाहेर दाब आणि आत ओढ राहून जाते. मग आपण यंत्रावर तो ठोकळा कोरतो, बाहेरचा दाबाखालचा थर कापून टाकतो आणि आतला ओढलेला भाग हवेसमोर उघडा करतो. पुढे जोडणी करताना दोन भागांत केसभर फट राहिली तर बोल्ट आवळून ती बुजवतो. विमान हँगरमध्ये शांत उभं असतं, तेव्हाही ही ओढ चालूच असते. दिवसरात्र, वर्षानुवर्षं. पुंगळीच्या तोंडाशी होता, तसाच हा ताण.

१९५० च्या दशकात ७०७९ नावाचा मिश्रधातू आला. मोठ्या, जाड घडवलेल्या भागांसाठी तो सोयीचा होता. वापरात आल्यावर त्यात इतके तडे निघाले की नव्या आराखड्यांतून तो बाद करावा लागला. अपोलो मोहिमांचे अनुभव नासाने तांत्रिक अहवालांच्या रूपात मांडले, त्यातला १९७३ चा एक अख्खा अहवाल ताण-गंजाच्या तड्यांवर आहे. त्यामुळे हे दुखणं अडगळीतलं मानू नका.

दोन संशयित

आता मुख्य प्रश्न. तडा पुढे सरकतो तो कशाने?

बरीच वर्षं एकच उत्तर दिलं जायचं : कणसीमा विरघळते. सीमेवरचे जस्त-मॅग्नेशियमचे अवक्षेप आजूबाजूच्या धातूपेक्षा जास्त क्रियाशील असतात. खारट पाण्यात ते आधी विरघळतात, एक अरुंद चर तयार होते आणि ताण तिला फाकवतो. उत्तर सोपं आहे, पटण्यासारखं आहे, आणि काही परिस्थितींत त्यात तथ्यही आहे.

पण एक गोष्ट त्यात बसेना. हे तडे खारट पाण्यातच काय, साध्या दमट हवेतही वाढतात. जिथे विरघळायला पाण्याचा थेंबही दिसत नाही, तिथे! मार्कुस श्पायडेल यांनी सत्तरच्या दशकात केलेली मोजमापं या विषयात आजही आधाराला घेतली जातात. त्यांतून दिसलं की हवा पूर्ण कोरडी असेल तर तडा थांबतो, आणि हवेतला दमटपणा वाढवत नेला की त्याचा वेगही वाढत जातो. वेग म्हणजे तरी किती? ७०७५ मध्ये कधी दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर, कधी त्याहूनही बराच कमी. पण विमानाचं आयुष्य वीस-तीस वर्षांचं असतं.

म्हणजे पाण्याची वाफसुद्धा पुरते. वाफेत असतं काय? ऑक्सिजन आणि हायड्रोजन. संशयाची सुई हायड्रोजनकडे वळली, आणि लगेच नवं कोडं उभं राहिलं. हाच मिश्रधातू शुद्ध, कोरड्या हायड्रोजन वायूत ठेवला तर त्याला काहीच होत नाही. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या काही टाक्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचंच अस्तर असतं. हायड्रोजनने भरलेली टाकी सुरक्षित आणि दमट हवेतला पत्रा धोक्यात, हे कसं काय?

जोडी आणि एकटा

उत्तर असं. वायूमधला हायड्रोजन एकटा नसतो. दोन अणूंनी एकमेकांना घट्ट धरलेलं असतं. अशी जोडी अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर सहजासहजी फुटत नाही, आणि जोडीने धातूच्या आत शिरता येत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो. जाडी अवघी दोन-चार नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण वीस हजारावा भाग. पण थर पक्का असतो. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो, ते या थरामुळेच. धातू स्वतः अतिशय क्रियाशील आहे, त्याने अंगावर फक्त चिलखत घातलेलं आहे.

तड्याच्या टोकाशी मात्र ते चिलखत फाटलेलं असतं. ताणामुळे टोक क्षणभर उघडतं आणि अगदी ताजा, उघडा धातू समोर येतो. पाण्याचा रेणू तिथे पोचला की अ‍ॅल्युमिनियम त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. अ‍ॅल्युमिनियमचे दोन अणू आणि पाण्याचे तीन रेणू मिळून ऑक्साइड तयार होतो, आणि हायड्रोजनचे सहा अणू मोकळे होतात. हे अणू सुटे असतात, जोडी अजून जमलेली नसते. त्यातले बरेचसे आपसात जोडी जमवून वायू म्हणून निघून जातात. पण काही एकटेच आत शिरतात. हायड्रोजन हा सगळ्यात लहान अणू, त्याला धातूच्या जाळीतून सरकायला जागा पुरते.

आत गेल्यावर ते जिथे अणूंमधलं अंतर थोडं वाढलेलं आहे तिकडे ओढले जातात, म्हणजे तड्याच्या टोकाच्या जरा पुढे, जिथे ओढ सगळ्यात जास्त आहे तिथे. तिथली कणसीमा कमकुवत होते. तडा एक पाऊल पुढे जातो. पुन्हा ताजा धातू उघडा पडतो, पुन्हा पाणी, पुन्हा हायड्रोजन. हे चक्र स्वतःला स्वतःच चालवतं.

खारट पाण्यात आणखी एक भर पडते. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत बी. एफ. ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस एक सुंदर प्रयोग केला. तड्यातला द्रव इतका थोडा असतो की तो काढून तपासणं अवघड. त्यांनी तडा वाढत असतानाच अख्खा नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवला, गोठलेल्या स्थितीत मोडून उघडला आणि बर्फ वितळू लागल्यावर तड्याच्या टोकाशी आम्लता तपासली. बाहेरचं पाणी जवळजवळ उदासीन होतं, पण टोकाशी पीएच निघाला सुमारे ३.५, म्हणजे संत्र्याच्या रसाइतका आंबट! आम्लात हायड्रोजन सुटायला आणखी सोपं जातं. बाहेर पाणी कसं आहे यावरून तड्याच्या आत काय चाललंय ते कळत नाही, हा धडा आम्ही या प्रयोगातून घेतला.

पुरावा काय?

हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण पुरावा? दोन पुरावे सांगतो.

पहिला. नमुन्यावर कसलाही ताण न देता त्याला काही काळ नुसत्या दमट हवेत ठेवलं. मग बाहेर काढून कोरड्या जागी ओढून तोडलं. तो ठिसूळ तुटला, कणसीमांवरून. आता विरघळण्याची बाजू घेणारा म्हणेल, "दमट हवेत सीमा आधीच खाल्ली गेली होती." ठीक आहे. मग तसाच दुसरा नमुना दमट हवेत ठेवून, तोडण्याआधी काही काळ निर्वातात ठेवला. त्याची चिवटाई बऱ्याच अंशी परत आली! खाल्ला गेलेला धातू निर्वातात ठेवून परत येत नाही. आत शिरलेला वायू मात्र बाहेर जाऊ शकतो. स्कॅमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात हे प्रयोग केले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणसीमांवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडेही दिसले.

दुसरा पुरावा पिळण्याचा. तडा असलेला नमुना दोन प्रकारे ताणता येतो. एक, सरळ ओढून. दोन, पंचा पिळतो तसा पिळून. ओढल्यावर टोकाशी अणूंमधल्या जागा वाढतात, पिळल्यावर अणू एकमेकांवरून सरकतात पण जागा वाढत नाहीत. तडा नुसत्या विरघळण्याने वाढत असेल तर दोन्हीकडे चिलखत फाटतं, दोन्हीकडे पाणी आहे, म्हणून दोन्हीकडे तडा वाढायला हवा. प्रत्यक्षात खारट पाण्यात ७०७५ ओढल्यावर सहज तडकला, पिळल्यावर त्या मानाने फारच टिकला. हायड्रोजनला साचायला जागा लागते, आणि पिळण्यात ती मिळत नाही.

या दोन प्रयोगांनंतरही 'फक्त हायड्रोजनच' असं आम्ही म्हणत नाही. खारट पाण्यात विरघळणं आणि हायड्रोजन दोघं हातात हात घालून काम करतात. विरघळल्याने नवा धातू उघडा पडतो, तिथून हायड्रोजन येतो. पण ७००० मालिकेच्या मिश्रधातूंमध्ये शेवटचा घाव घालणारा बहुतेक वेळा हायड्रोजन असतो, यावर आता बरंच एकमत आहे. नेमका घाव कसा घातला जातो, म्हणजे अणूंमधले बंध सैल होतात की धातूची घसरण एका जागी एकवटते, यावर मात्र आजही वाद चालतात.

हायड्रोजन बसतो कुठे

ओतशाळेत काम केलेल्यांना हायड्रोजन ओळखीचा असेल. वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये १०० ग्रॅमला सुमारे ०.७ घन सेंटिमीटर हायड्रोजन मावतो. धातू गोठला की मावतो जेमतेम ०.०४. उरलेला वायू बाहेर पडायला धडपडतो आणि ओतकामात छिद्रं राहतात. घन अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीत हायड्रोजनला जागा इतकी कमी आहे की आत शिरलेला प्रत्येक अणू बसायला आडोसा शोधतो. तो आडोसा कुठला, यावर धातूचं भवितव्य ठरतं.

पण हायड्रोजन पाहायचा कसा? क्ष-किरणांना तो जवळजवळ दिसत नाही, आणि तपासणीच्या यंत्रातही थोडा हायड्रोजन नेहमी शिल्लक असतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी साध्या हायड्रोजनऐवजी त्याचं जड भावंड, ड्युटेरियम, धातूत भरलं. म्हणजे सापडलेला अणू आपणच घातलेला आहे हे ओळखता येतं. मग धातूची अतिसूक्ष्म सुई करून, ती गोठवून, एकेक अणू उडवत त्याची जागा नोंदली. २०२२ साली 'नेचर' मध्ये त्यांनी लिहिलं की हायड्रोजन कणसीमांवर आणि धातूतल्या काही मोठ्या कणांमध्ये साचतो. ज्या बारीक अवक्षेपांमुळे बळ येतं, त्यांच्यात मात्र तो तसा साचलेला दिसला नाही. त्यांच्या गणितातून असंही निघालं की कणसीमेवर हायड्रोजनच्या जोडीला मॅग्नेशियम असेल तर सीमा फाटणं आणखी सोपं होतं.

त्याच वर्षी जपानमधल्या क्यूशू विद्यापीठाच्या गटाने उलटा विचार मांडला. हायड्रोजन आत येणारच असेल तर त्याला निरुपद्रवी जागा का देऊ नये? अवक्षेपांची घडण बदलून त्यांनी असे कण तयार केले, जे हायड्रोजनला पोटात धरून ठेवतात. तो कणसीमेपर्यंत पोचतच नाही. यातून ठिसूळपणा कमी झाला. वाट आश्वासक आहे, पण प्रयोगशाळेतल्या नमुन्यापासून पंखापर्यंतचा प्रवास लांबचा असतो.

औषध आणि त्याची किंमत

कारखान्यातलं जुनं औषध साठच्या दशकातलं आहे. १२० अंशांवर न थांबता मिश्रधातू पुढे १६०-१७५ अंशांच्या आसपास आणखी काही तास ठेवायचा. या अवस्थेला 'टी७३' म्हणतात. कणसीमेवरचे अवक्षेप मोठे आणि विरळ होतात, त्यांच्यात तांबं शिरतं आणि ते कमी क्रियाशील होतात. तडे जवळजवळ थांबतात. किंमत? बळ दहा-पंधरा टक्के कमी होतं. म्हणजे तेवढा जाड भाग, तेवढं जास्त वजन, तेवढं जास्त इंधन.

१९७४ साली इस्रायलच्या बारूख सिना यांनी पेटंट घेतलेली एक युक्ती अशी की टी६ धातू थोडा वेळ जास्त तापवायचा, लगेच थंड करायचा आणि पुन्हा १२० अंशांवर ठेवायचा. बळ टी६ इतकं, टिकाऊपणा टी७३ च्या जवळ. याच विचारातून पुढे आलेल्या अवस्थेतला ७०५५ मिश्रधातू बोइंग ७७७ च्या पंखांच्या वरच्या पत्र्यात वापरला गेला. या विषयाचा सविस्तर ग्रंथ हवा असेल तर आपल्या पवईच्या आयआयटीतले प्रा. व्ही. एस. राजा आणि जपानचे तेत्सुओ शोजी यांनी २०११ मध्ये संपादित केलेला जरूर पाहा.

परीक्षेत पास, हवेत नापास

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

गेल्या काही दशकांत जास्त बळासाठी जस्ताचं प्रमाण साडेसात-आठ टक्क्यांपर्यंत नेलेले नवे मिश्रधातू आले. ते ठरलेली परीक्षा पास झाले होते. परीक्षा अशी : नमुना ताणून धरायचा, दर तासाला १० मिनिटं साडेतीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवायचा, ५० मिनिटं हवेत वाळवायचा, आणि असं दिवसेंदिवस चालू ठेवायचं. समुद्राची नक्कल, अगदी कडक परीक्षा.

आणि २०१८ साली युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, सूचना काढली की यातल्या काही मिश्रधातूंमध्ये भोवतालच्या हवेमुळे तडे जाण्याचा धोका आहे. मँचेस्टर विद्यापीठात आणि इतरत्र झालेल्या कामातून चित्र स्पष्ट झालं. मिठाच्या पाण्यात टिकणारे हे मिश्रधातू उबदार, दमट हवेत तडकू शकतात. मीठ नाही, समुद्र नाही, नुसती वाफ आणि ताण.

आपण आतापर्यंत जे पाहिलं त्यावरून याचं फार आश्चर्य वाटायला नको. मिठाची परीक्षा 'धातू किती विरघळतो' याची चांगली पारख करते. पण 'वाफेतून किती हायड्रोजन येतो आणि कुठे बसतो' हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्या परीक्षेने तो पुरेसा विचारलाच नव्हता. गुन्हेगार एक आणि आपण राखण दुसऱ्याच दाराची करत होतो. आता दमट हवेतल्या चाचण्यांवर भर दिला जातोय, ही चांगली गोष्ट आहे.

इथे आपल्यापैकी काही जण पुण्याच्या कारखान्यांत आहेत, काही नाशिकजवळ ओझरला, जिथे विमानं बांधली आणि दुरुस्त केली जातात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच अशी की परीक्षा आपोआप चालू असते. म्हणून दोन गोष्टी सांगतो. दोन भागांत फट राहिली तर ती बोल्ट आवळून बुजवू नका, मापाची पातळ पट्टी घाला. तो आवळलेला ताण पुढे वीस वर्षं काम करत राहतो. आणि पाणी साचेल असा कोपरा ठेवू नका. निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा, रंगाचा थर उडाला असेल तर लगेच दुरुस्त करा. तीनपैकी एक जरी गोष्ट काढली तरी त्रिकूट मोडतं, हे पागेतल्या काडतुसांनी शंभर वर्षांपूर्वी शिकवलंय.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : मग घरातल्या कुकरची काळजी करायची का?*

नाही. कुकर ज्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो, ते मऊ आणि चिवट असतं, ७००० मालिकेचं नसतं. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर बदला, तेवढं पुरे.

*प्रश्न : धातू कोरडा करून हायड्रोजन बाहेर काढता येत असेल, तर विमानं वाळवून का नाही घेत?*

छान विचारलंत. आत विखुरलेला हायड्रोजन काही अंशी परत जातो, पण गेलेला तडा परत जुळत नाही. प्रयोगातला नमुना तडकायच्या आधी वाळवला होता, हे विसरू नका.

*प्रश्न : सर, खरं सांगा, विमानात बसायचं की नाही?*

(हशा) बसायचं! आम्हीही बसतो. विमानाच्या कोणत्या भागाची तपासणी किती दिवसांनी करायची, हे ठरवताना तडा किती वेगाने वाढतो याचा हिशोब धरलेला असतो. तडा जाणारच नाही असं आम्ही म्हणत नाही. तो धोक्याचा होण्याआधी सापडला पाहिजे, असं म्हणतो. काकांनी मागच्या वेळी विचारलं होतं ना, तडे शोधत बसायची गरज काय? ती हीच.